मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतील नगरपालिका : स्वच्छता व जकात यांच्या हिशेबाचें परीक्षण

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे जे खंड जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं १८७७ पासून पुढें प्रसिद्ध झाले, त्यांचें ऋण या प्रांताच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या कोणासही नाकारतां येणार नाहीं. एखाद्या गांवचें देऊळ, घाटांतील वाट, पिकें, वजनेंमापें, जातींचे आचार, यांपैकीं कशाचीही चौकशी करावयाची झाली म्हणजे प्रथम हात जातो तो याच जाडजूड पुस्तकांकडे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या पंडितानें आपला दक्षिणेचा प्राचीन इतिहास याच योजनेसाठीं लिहिला, यावरून संपादकाची दृष्टि किती व्यापक होती हें दिसून येतें. प्रस्तुत लेखांत गॅझेटियरवर जो आक्षेप घ्यावयाचा आहे तो माहितीच्या खरेपणाविषयीं नाहीं. आंकडे बहुधा बरोबर आहेत असें धरूनच आम्ही चालणार आहों. आक्षेप आहे तो ग्रंथाच्या रचनेवर, आणि त्या रचनेनें आमच्या इतिहासलेखनास जी एक सवय लावून ठेविली आहे तिजवर.

कोणत्याही जिल्ह्याच्या खंडांतील स्थलवर्णनाचा भाग वाचकांनीं उघडावा. तालुक्याचें गांव आलें कीं त्याचें अंतर, लोकवस्ती, कचेरी, टपालघर, दवाखाना, आठवड्याचा बाजार अशी माहिती ओळीनें येते, आणि तिच्यांतच कोठें तरी एक वाक्य असतें : नगरपालिका अमुक सालीं स्थापन झाली, अमुक सालीं तिचें उत्पन्न इतकें होतें व तें मुख्यत्वेंकरून जकातीपासून आलें, खर्च इतका झाला व तो मुख्यत्वेंकरून रस्ते, दिवे आणि साफसफाई यांवर झाला. गांव बदलतें, आंकडे बदलतात, कोठें जकातीच्या जागीं घरपट्टी येते; वाक्याचा सांचा मात्र तोच राहतो. हें वाक्य इतक्या वेळां आणि इतक्या निर्विकारपणें येतें कीं वाचणाराची नजर त्यावरून घसरून पुढच्या देवळाकडे जाते. आमच्या मतें त्या नोंदींतील सर्वांत अधिक विचार करण्यासारखें वाक्य तेंच होय.

त्याचा विचार होत नाहीं याचें कारण विषयांच्या विभागणींत आहे. मिठाच्या कराचें उत्पन्न वसुलाच्या प्रकरणांत जातें. रोगराई, देवी काढणें, दवाखाने व जन्ममृत्यूंची नोंद यांस आरोग्याचें प्रकरण आहे. जुने रस्ते व बाजारपेठा यांची हकीकत व्यापाराच्या प्रकरणांत येते, आणि गटारें, पाणी व झाडू यांना जागा मिळते ती ग्रंथाच्या शेवटीं, त्या त्या गांवाच्या नांवाखालीं. राज्यकारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यास ही विभागणी सोयीची होती, कारण त्याच्या कचेरींतील खातींही अशींच निरनिराळीं होतीं. पण ज्याच्या घरांत मीठ, धान्य, सरपण आणि पाण्याची घागर हीं सर्व एकाच दारानें येत, त्या माणसास चार प्रकरणें नव्हतीं. पुढें ज्यांनीं मराठींत जिल्ह्यांचे व शहरांचे इतिहास लिहिले त्यांपैकीं पुष्कळांनीं हीच प्रकरणें जशीच्या तशीं उचललीं. त्यामुळें एका पानावर इंग्रज सरकारनें जुन्या जाचक जकाती उठविल्या म्हणून त्याची स्तुति. बऱ्याच पानांनंतर त्याच सरकारनें शहरें स्वच्छ करण्याची व्यवस्था केली म्हणून दुसरी स्तुति. आणि लेखक राष्ट्रीय वृत्तीचा असल्यास मिठाच्या कराविषयीं तिसरीकडे कोठें तरी संताप, असा प्रकार दृष्टीस पडतो. ही स्तुति आणि हा संताप एकाच जमाखर्चाच्या दोन बाजूंस लिहिलेले आहेत हें मात्र कोणी सांगत नाहीं.

तो जमाखर्च मांडावयाचा तर आरंभ १८३७ पासून केला पाहिजे. त्या सालच्या सत्ताविसाव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत मिठावर दर मणास ८ आणे कर बसला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८३८ च्या पहिल्या कायद्यानें, या इलाख्यांतील वाटेवरच्या जकाती उठल्या. एका गांवचा माल दुसऱ्या गांवीं नेतांना ठिकठिकाणच्या नाक्यांवर बैल थांबवून, गोणी सोडून, नाकेदाराची मर्जी सांभाळून जो कर द्यावा लागे तो बंद झाला, ही गोष्ट चांगली झाली यांत संशय नाहीं. परंतु ती फुकट झाली नाहीं. तिची किंमत मिठावर अगोदरच बसवून ठेवली होती. पुढें १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्यानें शहरजकाती, कसबवेरे, मोहतर्फा, बलुत्यांवरील पट्ट्या, आणि धंद्यांवरील इतर सर्व कर, मग त्यांचीं नांवें कांहींही असोत, मुंबई इलाख्यांतून एकदम काढून टाकण्यांत आले. त्याच सुमारास मिठाचा कर ८ आण्यांवरून १ रुपयावर नेला. म्हणजे दुसऱ्याही वेळीं तीच रीत : व्यापाऱ्याच्या गोणीवरचा कर काढावयाचा आणि तो सर्वांच्या पानांतील मिठावर ठेवावयाचा.

सुरतेच्या लोकांनीं हा हिशेब तत्काळ ओळखला. १८४४ च्या आगस्टांत त्या शहरांत मिठाच्या वाढीव कराविरुद्ध मोठा दंगा झाला. एकंदर गलबला पाहून सरकारनें १ रुपयाचा दर १२ आण्यांवर उतरविला. तथापि १२ आणे हे ८ आण्यांहून दीडपट होते, आणि शहरजकातींच्या मोबदल्यांत घेतलेले म्हणून ते समजले जात. इतिहासकार या दंग्यास करविरोधी चळवळींच्या मालिकेंत एक ठिकाण देतात, आणि तें योग्यच आहे. पण त्याचें महत्त्व दुसरेंही आहे. शहरजकात गेली तिचा मोबदला मिठांतून पोंचता झाला, असा हा एक प्रकारचा करार होता; आणि त्या करारावर लोकांच्या नाखुषीची मोहोर या दंग्यानें उमटविली आहे.

आतां पुढची पायरी पाहावी. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानें हिंदुस्थानांतील शहरांस, तेथील रहिवाशांनीं मागणी केल्यास, स्वच्छता, रस्ते, दिवे इत्यादि सुधारणांसाठीं मंडळ नेमून घेण्याची मोकळीक मिळाली. याच्या आधीं १८४२ सालीं बंगाल्यापुरता असाच एक कायदा झाला होता. पण त्याची सर्व इमारत घरांवरील प्रत्यक्ष करावर उभारलेली असल्यामुळें तो जवळजवळ निरुपयोगी ठरला. कर घरावर बसणार म्हटल्यावर सुधारणेची मागणी करावयास कोणी पुढें येईना. तो धडा घेऊन नव्या कायद्यांत घरपट्टीबरोबर शहरांत येणाऱ्या मालावरील जकातीचाही मार्ग खुला ठेवला. मुंबई इलाख्यांत हा कायदा जितका चालला तितका इतर प्रांतांत फार थोड्या ठिकाणीं चालला असेल. आणि येथील बहुसंख्य गांवांनीं जो मार्ग पत्करला तो जकातीचा. सुरतेस १८५२ सालीं नगरपालिका झाली. पुण्यास ती १८५७-५८ च्या सुमारास झाली. म्हणजे ज्या शहरजकाती १८४४ सालीं सरकारनें मोबदला घेऊन उठविल्या, त्या अवघ्या सहा वर्षांनंतर स्वच्छतेच्या नांवानें परत येऊं लागल्या. आणि त्यांच्या मोबदल्यांत वाढविलेला मिठाचा कर कांहीं त्यामुळें खालीं आला नाहीं.

उलट तो चढतच गेला. १८५९ सालीं १ रुपया, १८६१ सालीं १ रुपया ४ आणे, १८६५ सालीं १ रुपया ८ आणे, १८६९ सालीं १ रुपया १३ आणे, असा तो वाढला; आणि १८७७ च्या अखेरीस, दक्षिणेंत दुष्काळाचा कहर चालू असतां, तो २ रुपये ८ आण्यांवर गेला. या शेवटच्या वाढीचें कारण असें सांगितलें गेलें कीं निरनिराळ्या प्रांतांतील दर एकसारखे करावयाचे आहेत. त्याप्रमाणें बंगाल्याचा दर खालीं आला आणि मुंबई-मद्रासचा वर गेला. १८३७ चे ८ आणे चाळीस वर्षांत ४० आणे, म्हणजे पांचपट, झाले.

येथें एक शंका घेतली जाईल आणि ती रास्त आहे. १८४४ पूर्वींची शहरजकात सरकारच्या खजिन्यांत जात असे. १८५० नंतरची जकात त्याच गांवच्या गटारांवर आणि दिव्यांवर खर्च होई. तेव्हां दोहोंस एकच कर कसें म्हणावें? कर घेणाऱ्याच्या बाजूनें पाहिल्यास हा भेद मोठा आहे, आणि नगरपालिकांच्या पदरीं तो टाकलाच पाहिजे. देणाऱ्याच्या बाजूनें पाहिल्यास, पाटी घेऊन वेशींतून येणाऱ्या बाईस नाक्यावर तोच हात पुढें झालेला दिसला. शिवाय ज्या कामांसाठीं ही जकात घेतली तीं कामें करण्यास सरकारनें आपल्या सामान्य उत्पन्नांतून कितपत हातभार लावला हा प्रश्न उरतोच. १८७० च्या डिसेंबरांत लॉर्ड मेयो यांच्या सरकारनें आरोग्य, शिक्षण, रस्ते वगैरे खातीं ठराविक रक्कम तोडून देऊन प्रांतांच्या गळ्यांत घातलीं. कमी पडेल तें स्थानिक करांनीं भरून काढावें असा त्याचा रोंख होता. मिठाचा वाढता वसूल वरच्या खजिन्यांत राहिला आणि झाडूचा खर्च खालच्या पेटींतून निघूं लागला.

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें शब्दांकडे लक्ष जाण्याची खोड आहे; तिचा थोडा उपयोग येथें करतों. त्या काळच्या सरकारी लेखनांत शहरजकात ही या देशांतील पुरातन, लोकांच्या अंगवळणीं पडलेली व म्हणून त्यांस न टोंचणारी रीत आहे, असा सूर वारंवार ऐकूं येतो. जकात हा शब्द अरबी, आणि मूळ अर्थ धर्माज्ञेनें द्यावयाचें दान. त्याचा आपल्याकडे कर झाला. संस्कृतांत त्यास शुल्क म्हणतात, आणि अमरकोशकार त्याचा अर्थ घाट वगैरे ठिकाणीं द्यावयाचें तें असा देतात. तेव्हां रीत जुनी हें खरें. पण जुन्या ग्रंथांत ती कशी सांगितली आहे? कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून काढलें. कॅम्बेल यांस तें उपलब्ध असणें शक्य नव्हतें, म्हणून त्यांस दोष नाहीं. त्या ग्रंथांत विवाह, यज्ञ, प्रसूति, देवपूजा, मुंज अशा कार्यांसाठीं नेलेला माल शुल्कापासून मोकळा ठेवला आहे. मिठाच्या अध्यक्षाचे नियम सांगतांना श्रोत्रिय व तपस्वी यांच्या जोडीनें वेठीच्या मजुरांसही जेवणापुरतें मीठ कर न देतां नेण्याची परवानगी आहे. आणि स्वच्छतेचें पाहावें तर नागरकाच्या प्रकरणांत रस्त्यांत केर टाकणारास एक अष्टमांश पण, चिखलपाण्यानें रस्ता अडविणारास चतुर्थांश पण, आणि राजमार्गावर हेंच केल्यास दुप्पट, असा दंड आहे. म्हणजे घाण करणाराकडून पैसा घ्यावयाचा, जेवणाराकडून नव्हे. हा ग्रंथ विधि सांगणारा आहे. त्यांतील सर्व गोष्टी प्रत्यक्षांत तशाच घडत असें कोणी समजूं नये, आणि प्राचीन काळीं सर्व कांहीं सोन्याचें होतें असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. पण पुरातनाचा आधार घ्यावयाचा तर तो पुरता घ्यावा. शुल्क तेवढें पुरातन म्हणून उचलावें आणि सूट व दंड मागें ठेवावे, हें बरें नव्हे.

नगरपालिकांच्या जकातीचीं कोष्टकें पाहिलीं असतां त्यांत मालाचे वर्ग ठरलेले दिसतात : खाण्यापिण्याच्या वस्तु; कत्तलीचीं जनावरें; जळण, दिवाबत्ती व धुण्याच्या वस्तु; इमारतीचें सामान; औषधी, मसाले व सुगंधी पदार्थ; तंबाखू; कापड; धातु. यांतील तिसऱ्या वर्गावर क्षणभर थांबावें. पाणी तापविण्याचें सरपण, रात्रीं लावावयाचें तेल आणि कपडे धुण्याचें साहित्य यांवर कर घ्यावयाचा, व त्या करांतून स्वच्छता आणि दिवाबत्ती करावयाची, असा हा व्यवहार होता. कोष्टक तयार करणाऱ्या कारकुनास त्यांत कांहीं विशेष वाटलें नसेल. गॅझेटियरनें हीं कोष्टकें स्थलवर्णनांत घेतलेलीं नाहींत. घेतलीं असतीं तर वर सांगितलेलें सांच्यांतलें वाक्य इतकें निर्विकार राहतें ना.

या कराचा परतावा हाही एक प्रकरणभर विषय आहे. शहरांतून पुढें जाणाऱ्या मालावरची जकात परत मिळावी, नाहीं तर शहरजकातीची पुन्हा वाटेवरची जकात होईल, असें वरिष्ठ सरकार बजावीत असे. नियम उत्तम होता. पण पावती जपून ठेवणें, दुसऱ्या नाक्यावर माल दाखविणें आणि कचेरींत खेपा घालून पैसे परत मिळविणें हें पेढीवर गुमास्ता असलेल्या व्यापाऱ्यास जमण्यासारखें होतें. डोक्यावर भारा घेऊन आलेल्या, आणि न विकलेला माल सायंकाळीं परत नेणाऱ्या माणसास तें साधणें कठीण होतें.

दोष केवळ गोऱ्या अधिकाऱ्यांचा आहे असें म्हणून सुटतां येत नाहीं. आमच्यांतील पुढारी मंडळींनीं जकात मागून घेतली आहे. घरपट्टी नको, कारण ती वाड्यावर, पेढीवर, चाळीवर बसते. जकात बरी, कारण ती सर्वांमध्यें वांटली जाते व कोणास कळत नाहीं, हा युक्तिवाद नगरपालिकांच्या सभागृहांतून पिढ्यान् पिढ्या झाला. अधिकाऱ्यांस तो पटला, कारण घरपट्टीच्या नांवानें होणारा आरडाओरडा त्यांसही नको होता. सरकार आणि शेठसावकार यांचें जेथें सहज एकमत होई अशा थोड्या गोष्टींपैकीं ही एक.

याच्या उलट बाजूस मुंबई शहराचें उदाहरण ठेवावें. तें १८५० च्या कायद्याखालीं नव्हतें. त्यासाठीं स्वतंत्र कायदे होत. १८६० सालीं विहारचें पाणी शहरांत आलें, आणि १८६५ च्या कायद्यानें आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनीं सहा वर्षांत गटारें, रस्ते, मंडई यांवर सढळ हातानें पैसा खर्च केला. शहर सुधारलें हें त्यांच्या विरोधकांनींही नाकारलें नाहीं. पण तेथें घरपट्टी, पाणीपट्टी, हलालखोराची पट्टी या नांवांनीं कराचें बिल ज्याच्या त्याच्या हातांत पडत असल्यामुळें पैसा कोण देतो व कोठें जातो हें देणारास ठाऊक होतें. १८७१ सालीं करदात्यांनीं एकच गिल्ला केला. क्रॉफर्ड गेले, आणि १८७२ च्या तिसऱ्या कायद्यानें ६४ सभासदांचें मंडळ झालें, त्यांतले निम्मे करदात्यांनीं निवडलेले. मत मिळण्यास वर्षाकांठीं निदान ५० रुपये प्रत्यक्ष कर द्यावा लागे, तेव्हां हें लोकराज्य होतें असें नव्हे. तथापि कर दिसला म्हणून तक्रार झाली, आणि तक्रार झाली म्हणून कांहीं हक्क मिळाले, हा कार्यकारणभाव स्पष्ट आहे. बाहेरगांवच्या जकात देणारास असें बिल कधींच मिळालें नाहीं. तो तूप महाग, गूळ महाग एवढेंच म्हणे. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव व त्यानंतरचा १८८४ चा मुंबईचा कायदा यांनीं निवडणुकीचें तत्त्व बाहेरगांवांस लागू झालें, तेव्हांही केवळ जकात देणें ही मतदानाची पात्रता होऊं शकत नव्हती, कारण कोणी किती जकात दिली याचा माणशीं पुरावा नसतो. नगरपालिकेची तिजोरी जो भरी त्यास ती तिजोरी आपली आहे हें सिद्ध करण्याचें साधन नव्हतें. गॅझेटियरच्या वाक्यांत उत्पन्नाचा आंकडा येतो आणि खर्चाचा येतो. या दोहोंच्या मध्यें जो माणूस उभा आहे तो येत नाहीं.

त्या माणसाची बाजू ऐकावयाची तर पुण्याचा खंड ज्या काळांत तयार होत होता त्याच काळांत मराठींत लिहिलें गेलेलें जोतीराव फुले यांचें ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचावें. हा ग्रंथ १८८३ चा. पुण्याचा खंड १८८५ चा. फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते, त्यामुळें ते बाहेरून दगड मारीत होते असें म्हणतां येत नाहीं. त्यांची भाषा तिखट आहे, अतिशयोक्ति आहे, आणि ब्राह्मण कामगारांवरील त्यांचा रोष सर्वच ठिकाणीं प्रमाणांत राहिला आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पण शेतसारा, मीठ आणि शहरची जकात हीं एकाच शेतकऱ्याच्या गांठीवर येऊन पडतात, तीं वेगवेगळीं मोजून चालणार नाहीं, ही दृष्टि त्यांना होती आणि गॅझेटियरच्या विद्वान संपादकांना नव्हती. साधनांची प्रतवारी करतांना आम्ही सरकारी ग्रंथास प्रमाण आणि असल्या पुस्तकास वादग्रंथ म्हणून बाजूस ठेवतों. या एका विषयापुरती तरी ती प्रतवारी उलटावी लागेल. पुण्याच्या नव्या मार्केटच्या इमारतीवर पैसा घालण्यापेक्षां तो शिक्षणाकडे लावावा असें फुल्यांचें मत होतें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८६ सालीं तें मार्केट गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें उघडलें; पुढें त्याच मंडईस फुल्यांचें नांव देण्यांत आलें.

दुसरें नांव गोपाळ कृष्ण गोखले यांचें. १९०२ च्या मार्चांत कलकत्त्यास कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर केलेल्या प्रसिद्ध भाषणांत त्यांनीं मिठाचा कर कमी करण्याची मागणी केली, आणि कराच्या वजनामुळें गरिबांच्या मिठाच्या वापरावर ओढाताण होते हें आंकड्यांनिशीं मांडलें. १८८२ सालीं २ रुपयांवर आलेला हा कर १८८८ सालीं पुन्हा २ रुपये ८ आणे झाला होता. तो १९०३ सालीं २ रुपये, १९०५ सालीं दीड रुपया आणि १९०७ सालीं १ रुपया झाला. गोखल्यांच्या कीर्तीचा हा भाग सर्वांस माहीत आहे. याच सुमारास कांहीं वर्षें ते पुणें नगरपालिकेचे अध्यक्ष होते, आणि त्या नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात हाच होता, ही गोष्ट मात्र चरित्रांतून वेगळ्या प्रकरणांत पडते. यांत त्यांस कमीपणा आणावयाचा नाहीं. मिठाविषयींचा तर्क जसाच्या तसा धान्य, गूळ आणि सरपण यांस लागू पडतो हें त्यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञास न कळणें शक्य नव्हतें. परंतु जकात सोडावयाची तर घरपट्टी वाढवावी लागती, आणि तसें करूं धजणारें सभागृह त्या काळीं मिळणें दुरापास्त होतें. एका माणसाचें हें दुहेरी स्थान म्हणजे आमच्या विषयाचें उत्तम उदाहरण आहे. आणि चरित्रकारांनीं गॅझेटियरचीच प्रकरणें पाडल्यामुळें तें हातचें निसटलें आहे.

प्लेगाच्या इतिहासाविषयीं एवढेंच सांगतों. १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा, पुण्यांतील घरतपासणी, रँडचा वध, यांवर आमच्याकडे विपुल लिहिलें गेलें आहे व तें लिहिलें जाणें अवश्यच होतें. पण स्वच्छतेच्या नांवानें झालेली जुलूमजबरदस्ती तेवढी त्या तीन महिन्यांत शोधावी आणि त्याआधींचीं चाळीस वर्षें नाक्यावर रोज होत असलेली वसुली सामान्य कारभार म्हणून सोडून द्यावी, हें कांहीं बरोबर नाहीं.

मिठाचा कर १९४७ सालीं उठला. शहरजकात त्याहून फार चिवट निघाली. १९२४-२५ च्या करचौकशी समितीनें तिजवर कडक टीका केली, तरी ती राहिली. स्वराज्य आल्यावरही राहिली. महाराष्ट्रांतील बहुतेक शहरांतून ती २०१० नंतरच्या कांहीं वर्षांत गेली, आणि मुंबईंतून ती २०१७ च्या जुलैपासून, वस्तु व सेवा कर सुरू झाला तेव्हां, गेली. सुरुवात १८५० धरली तर हें आयुष्य एकशें सदुसष्ट वर्षांचें झालें. एवढ्या दीर्घायुषी संस्थेचा मराठींत स्वतंत्र, साधार इतिहास लिहिला जावा असें आम्हांस वाटतें, आणि तो लिहूं इच्छिणारांस दोन सूचना कराव्याशा वाटतात.

एक अशी कीं कोणतेंही एक मध्यम गांव घ्यावें, मोठें शहर घेऊं नये. मोठ्या शहरांत पाण्याचे नळ, मंडई, राजकारण यांची गर्दी फार. लहान गांवीं जकात आणि झाडू यांशिवाय नगरपालिकेजवळ दुसरें कांहीं नसे, म्हणून हिशेब उघडा दिसतो. त्या गांवच्या जकातीचीं छापील कोष्टकें, सभांचीं इतिवृत्तें आणि वार्षिक जमाखर्च हे तिन्ही कागद एकाच वर्षाचे मिळवून शेजारींशेजारीं मांडावे, आणि त्यांजवळ त्या वर्षाचा मिठाचा दर लिहावा. दुसरी सूचना खर्चाविषयीं. साफसफाईवर झालेला खर्च कोणत्या आळींत झाला हें गॅझेटियर कधींच सांगत नाहीं; इतिवृत्तांत मात्र कोणत्या रस्त्यास दिवा मंजूर झाला, कोणत्या पेठेंतील गटार बांधलें, कोणत्या वस्तीचा अर्ज पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवला, हें लिहिलेलें असतें. तहकूब ठेवलेल्या अर्जांची यादी प्रथम करावी.